जुनी भिंगे आणि आरसा नसलेला कॅमेरा

दुपारच्या वेळी खोलीची दारे लावून एकच खिडकी उघडी ठेवावी आणि तिच्या समोरच्या भिंतीजवळ एक साधे बहिर्वक्र भिंग धरावे. भिंग मागेपुढे सरकविले असता एका विशिष्ट ठिकाणी खिडकीबाहेरील झाडाची लहानशी, उलटी पण रेखीव प्रतिमा भिंतीवर उमटते. भिंग तेथून किंचित हलले, तरी ती पुसट होते. शाळेच्या प्रयोगशाळेत केला जाणारा हा साधा प्रयोग कॅमेऱ्याच्या शास्त्राचा पाया आहे. भिंग आणि पडदा यांमधील अंतर अचूक असेल तरच प्रतिमा स्पष्ट होते.

फिल्मच्या काळात घेतलेली अनेक चांगली भिंगे आज घरोघरी व शाळांच्या कपाटांत पडून आहेत. त्यांचे कॅमेरे बंद पडले म्हणून ती निरुपयोगी झाली, असे समजले जाते. ही समजूत बरोबर आहे काय, हे ठरविण्यासाठी वरील अंतराचाच विचार करावा लागतो. त्यासाठी एक उदाहरण घेऊ.

जपानमधील निकॉन कंपनीने २०२१ साली ‘झेड एफसी’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. त्याचे बाह्य रूप याच कंपनीच्या १९८२ सालच्या ‘एफएम२’ या फिल्म-कॅमेऱ्यासारखे आहे. शटरचा वेग ठरविणारी आकडेरी चकती, संवेदनक्षमतेची चकती, सपाट पुढील बाजू, सारे जुन्या धर्तीचे. आत मात्र फिल्म नाही; तिच्या जागी प्रकाशाचे विद्युत्‌संकेतांत रूपांतर करणारा संवेदक आहे. २०२३ साली त्याच धर्तीचा, पण मोठ्या संवेदकाचा ‘झेडएफ’ हा कॅमेरा आला. या दोहोंत आरसा नाही. जुन्या भिंगांच्या दृष्टीने बाह्य रूपापेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

आरशाने अडविलेली जागा

फिल्मच्या काळातील एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे ४५ अंशांत कललेला आरसा असे. भिंगातून आलेला प्रकाश तो वरच्या बाजूस वळवी आणि तेथून तो पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचे. चित्र घेण्याच्या क्षणी आरसा वर उचलला जाई व प्रकाश फिल्मवर पडे. आरशाला फिरण्यास जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून बरेच पुढे बसवावे लागे. निकॉनच्या १९५९ सालापासून चालत आलेल्या ‘एफ’ पद्धतीत भिंग ज्या कडीवर बसते ती कडी आणि फिल्म यांमध्ये ४६.५ मिलिमीटर अंतर असते.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात संवेदकावरील प्रतिमाच एका लहान पडद्यावर दाखविली जाते. आरशाची जागा मोकळी झाल्यामुळे, २०१८ साली सुरू झालेल्या ‘झेड’ पद्धतीत हे अंतर केवळ १६ मिलिमीटर ठेवता आले. ४६.५ मधून १६ वजा केल्यास ३०.५ मिलिमीटर उरतात. या जाडीची पोकळ नळी मध्ये बसविली की जुने भिंग संवेदकापासून पूर्वीइतक्याच अंतरावर येते. या नळीला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. साध्या अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसते. त्याचे काम केवळ योग्य अंतर राखण्याचे आहे.

दशांश मिलिमीटरचे महत्त्व

अ‍ॅडॅप्टर विकत घेताना त्याच्या जाडीत ०.१ मिलिमीटरची चूक असली तर काय बिघडते? याचे उत्तर न्यूटनच्या सूत्रावरून काढता येते. भिंग दूरच्या वस्तूंसाठी आवश्यक असलेल्या जागेपेक्षा जितके पुढे असेल, त्या जादा अंतराने नाभीय अंतराच्या वर्गास भागावे. स्पष्ट दिसणारी वस्तू भिंगाच्या पुढील नाभीपासून किती दूर आहे, हे त्यावरून कळते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर २५०० भागिले ०.१ म्हणजे २५,००० मिलिमीटर, अर्थात २५ मीटर. भिंगावरील कडी ‘अनंत’ या खुणेवर नेऊनही २५ मीटरांपलीकडील डोंगर पूर्ण स्पष्ट होणार नाही. २४ मिलिमीटरच्या भिंगाच्या बाबतीत ही मर्यादा पावणेसहा मीटरांवर येते. भिंगाचा कोन जितका विस्तृत, तितकी अ‍ॅडॅप्टरची अचूकता अधिक महत्त्वाची.

अ‍ॅडॅप्टर किंचित आखूड असल्यास हानी कमी होते. तेव्हा दूरची वस्तू ‘अनंत’ या खुणेच्या अलीकडेच स्पष्ट होते. भिंगावरील अंतराचे आकडे तेवढे खोटे ठरतात.

याच गणिताने जुन्या कॅमेऱ्यांची एक अडचणही उलगडते. पूर्व जर्मनीत, सोव्हिएत संघात व जपानमध्ये बनलेल्या अनेक कॅमेऱ्यांची भिंगे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर फिरवून बसविली जात. त्या भिंगांना सुमारे ४५.५ मिलिमीटर अंतर लागते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात ते आधीच ४६.५ होते, म्हणजे एक मिलिमीटर अधिक. त्यामुळे तेथे ५० मिलिमीटरचे असे भिंग सुमारे अडीच मीटरांपलीकडे स्पष्ट पाहू शकत नसे. नव्या कॅमेऱ्यात मात्र साडेएकोणतीस मिलिमीटरचा अ‍ॅडॅप्टर घातला की तेच भिंग डोंगरापर्यंत पाहते.

प्रकाश पोहोचतो, संदेश पोहोचतोच असे नाही

आजचे भिंग कॅमेऱ्याशी विद्युत्‌संपर्काने जोडलेले असते. साध्या नळीतून प्रकाश जातो. संदेश जात नाहीत. निकॉनच्या ‘एफटीझेड’ नावाच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये विद्युत्‌संपर्क आहेत. पण भिंग हलविणारी मोटार त्यात नाही. म्हणून ज्या ‘एफ’ भिंगांत स्वतःची मोटार आहे, ती त्यावर आपोआप स्पष्टता साधतात. ज्या भिंगांना पूर्वी कॅमेऱ्यातील मोटार फिरवीत असे, ती हाताने फिरवावी लागतात. त्याहून जुनी भिंगे तर मुळातच हाताने फिरवावयाची होती. काही जुन्या अतिविस्तृत कोनाच्या भिंगांचे मागील टोक कॅमेऱ्यात खोल शिरते; अशी भिंगे सूचनापत्रक पाहिल्यावाचून बसवू नयेत.

हाताने स्पष्टता साधताना दोन सोयी उपयोगी पडतात. एक, प्रतिमेचा छोटा भाग मोठा करून पाहणे; दुसरी, स्पष्ट झालेल्या कडा रंगाने दाखविणे. दुसरी सोय काही वेळा फसवते. भिंगाचे छिद्र लहान असले तर पुढचे व मागचे बरेच पदार्थ एकदमच स्पष्ट भासतात आणि सर्वत्र रंग पसरतो. म्हणून प्रथम छिद्र पूर्ण उघडावे, प्रतिमा मोठी करून स्पष्टता साधावी, आणि नंतर हवे तेवढे छिद्र लहान करावे.

भिंगाचे नाभीय अंतर कॅमेऱ्याच्या यादीत नोंदविण्याची सोय असते. ‘झेडएफ’मध्ये हाताचा कंप भरून काढण्यासाठी संवेदक हलविला जातो व तो किती हलवावा हे नाभीय अंतरावर अवलंबून असते. भिंग १३५ मिलिमीटरचे आणि नोंद ५० ची राहिली, तर कंप पुरता भरून निघत नाही. भिंग बदलले की नोंदही बदलावी.

‘झेड एफसी’चा संवेदक सुमारे २३.५ × १५.७ मिलिमीटर आहे. जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ होती. म्हणून ५० मिलिमीटरच्या भिंगाने त्यात पूर्वीच्या ७५ मिलिमीटरच्या भिंगाइतकाच दृश्याचा भाग येतो. भिंग बदलत नाही. चौकट लहान झाल्यामुळे प्रतिमेच्या कडा गळतात. वर्गाचे सामूहिक चित्र घेताना हे विसरल्यास दोन्ही टोकांची मुले चौकटीबाहेर राहतात.

इतर उपसाधने

निकॉनच्या अनेक जुन्या भिंगांच्या पुढील आट्या ५२ मिलिमीटर व्यासाच्या आहेत. ‘झेड एफसी’बरोबर आलेल्या २८ मिलिमीटर भिंगाच्याही तेवढ्याच असल्यामुळे एकच फिल्टर दोहोंवर चालतो. जुन्या भिंगांच्या काचांवरील परावर्तनरोधी लेप आजच्याइतका परिणामकारक नसतो. सूर्य बाजूस असता प्रतिमा फिकट होते, म्हणून त्यांवर छाया देणारी नळी अवश्य लावावी.

अंतर मुद्दाम वाढवून लहान वस्तू मोठ्या टिपता येतात. ५० मिलिमीटरचे भिंग ‘अनंत’वर ठेवून मध्ये २५ मिलिमीटरची जादा नळी घातली, तर प्रतिमा वस्तूच्या निम्मी होते, २० मिलिमीटरचा भुंगा संवेदकावर १० मिलिमीटर भरतो. प्रकाश मात्र पसरतो व सव्वादोन पट वेळ द्यावा लागतो. अशा वेळी तिपाई हवीच. भिंग जड असेल तर त्याची स्वतःची कडी तिपाईला जोडावी. सारा भार कॅमेऱ्याच्या कडीवर टाकू नये.

जुन्या फ्लॅशच्या बाबतीत सावधगिरी हवी. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टांहूनही अधिक विद्युत्‌दाब असे. पूर्वीच्या यांत्रिक शटरला तो सहन होई. आजच्या नाजूक विद्युत्‌मंडलास त्याने इजा होऊ शकते. दाब जाणत्या व्यक्तीकडून मोजून घ्यावा, कॅमेऱ्याच्या सूचनापत्रकातील मर्यादेशी ताडून पाहावा आणि मगच फ्लॅश लावावा.

निगा

आरसा गेल्याने एक संरक्षणही गेले. ‘झेड एफसी’सारख्या कॅमेऱ्यात भिंग काढताच संवेदक उघडा पडतो. म्हणून कॅमेरा बंद करून, त्याचे तोंड खाली धरून, वाऱ्यापासून दूर भिंग बदलावे. कोकणासारख्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या भिंगांवर बुरशीचे जाळे धरते आणि तिच्या स्रावाने काचेवरील लेप कायमचा खराब होतो. जुने भिंग उपयोगात आणण्यापूर्वी ते उजेडासमोर धरून आरपार पाहावे. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि त्याने ओल शोषली की ते तापवून पुन्हा वापरावे.

तेव्हा कपाटातील भिंग टाकून देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : काच स्वच्छ आहे काय, छिद्राच्या पात्या मोकळेपणी उघडतात काय, आणि त्या भिंगाला कडीपासून किती अंतर लागते. तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर योग्य जाडीची एक नळी ते भिंग पुन्हा कामास लावण्यास पुरेशी आहे. पूर्वीच्या पिढीने काटकसरीने घेतलेली काच अजूनही प्रकाश तसाच वाकविते; तिला तिचे अंतर तेवढे परत द्यावयाचे असते.