दिवाळीचा आठवडा आणि गाणाऱ्याचा गळा

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस म्हणजे आम्हा गाणाऱ्यांची सुगी. एरवी शिकवण्या, एखादं डबिंग, लग्नातली संगीतसंध्या यांवर घर चालतं. दिवाळी पहाटेच्या आठवड्यात मात्र ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक असे चहूकडून फोन येतात. नाही म्हणणं जड जातं, कारण ती तारीख एकट्या गायिकेची नसते. तबलजी, संवादिनीवादक, साइड रिदमची मुलं, निवेदिका या सगळ्यांची दिवाळी तिच्यावर अवलंबून असते. हे सगळं जाणूनच पुढचं लिहिते आहे, विशेषतः या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी.

संध्याकाळचा कार्यक्रम रात्री दहाला आटपावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणासुदीच्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं. दहानंतर भेटीगाठी, फोटो, जेवण आणि मग गाडी. पहाटेच्या कार्यक्रमासाठी तीनला उठायचं असतं. म्हणजे झोप दोन-अडीच तासांची, तीही पुष्कळदा गाडीतच, मान वाकडी करून. अशा दोन रात्री लागोपाठ आल्या की रियाज कितीही पक्का असला तरी गळा उत्तर देऊ लागतो.

एका वर्षी माझ्या कार्यक्रमाची पाडव्याची पहाट एका उघड्या मैदानावर होती. रात्रभराच्या फटाक्यांचा धूर अजून खाली बसला नव्हता. माझ्यासमोरचा मॉनिटर बंद पडला होता आणि ढोलक, ढोलकी अगदी पाठीशी. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडून ठेवलं आहे आणि त्याचंच नाव या प्रकाराला मिळालं. अंतऱ्यात तार षड्जाकडे जाताना सूर मध्येच तुटला आणि पुढे नुसती हवा आली. दुखलं काहीच नाही. दुखत नाही म्हणूनच धोका कळत नाही.

लोक धावून आले ते प्रेमानेच. कुणी ज्येष्ठमध दिला, कुणी वेदनाशामक गोळी पुढे केली. "एक इंजेक्शन घ्या, आवाज मोकळा होईल, दोन गाणी तरी म्हणा," असंही कुणी सुचवलं. आमचे संवादिनीवादक वयाने मोठे. त्यांनी भाता मिटला आणि म्हणाले, "ताई, बस झालं. उठा आता." सहगायकाने कार्यक्रम पुढे नेला. त्याच दुपारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं: डाव्या स्वरपट्टीवरची एक बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त साकळलं होतं. उपाय एकच, मौन. कुजबुजणंसुद्धा नाही, कारण कुजबुजतानाही स्वरपट्ट्यांवर ताण येऊ शकतो.

त्या मौनात मला डॉक्टरांनी सांगितलेला एक हिशेब सतत आठवत राहिला. काळी चारच्या तार षड्जावर स्वरपट्ट्या सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकींवर आपटतात, मिनिटाला जवळपास २५ हजार वेळा. सुजलेल्या, कोरड्या पट्ट्यांवर हा मार बसला की काय होणार? आणि हा मार केवळ गाण्याने बसत नाही. गाडीच्या आवाजावर मात करत मारलेल्या गप्पा, साउंड चेकच्या वेळची आरडाओरड, चाहत्यांशी बोलणं, शिकवणी, सगळं त्याच खात्यात जमा होतं. दिवाळीच्या आठवड्यात गाण्यापेक्षा बोलणंच आवाजाला जास्त खातं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

गोळ्यांबद्दल नीट सांगायला हवं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या औषधांनी रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. ऐन कार्यक्रमांच्या दिवसांत ती मनाने घेऊ नका. मुलींनो, पाळीच्या आधीच्या दिवसांत स्वरपट्ट्यांवरच्या रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, तेव्हा तर मुळीच नको. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या घसा कोरडा करतात. स्टिरॉइडने सूज उतरते, आवाज खुलतो, पण आतली इजा झाकली जाते, आणि आपण तिच्यावरच गात राहतो. स्वरपट्ट्या तपासल्याशिवाय असं इंजेक्शन घेऊन रंगमंचावर चढू नये. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांनी घशाला बरं वाटतं, हे खरं. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरपट्ट्यांपर्यंत पोहोचत नाही. पाण्याचंही तसंच, त्याचा उपयोग व्हायला वेळ लागतो. म्हणून मंचावर घोट घेण्यापेक्षा आदल्या दिवसापासून पाणी पीत राहावं. वाफ मात्र थेट पोहोचते. रात्री साडेअकराला चकली-चिवड्यावर जेवण करून आडवं पडलं की पोटातलं आम्ल वर येऊन घशाची आग करतं. त्यापेक्षा संध्याकाळच्या कार्यक्रमाआधीच जेवून घ्यावं.

पहाटे आवाज जड असतो, म्हणून पट्टी उतरवायला संकोच करू नका. काळी पाचचं गाणं पांढरी सहात घेतलं तर श्रोत्यांच्या आनंदात काही उणं होत नाही. तबलजींना मात्र आदल्या रात्रीच सांगा. तबला चढवण्या-उतरवण्याला मर्यादा असते, आयत्या वेळी ते दुसरा तबला आणणार कुठून? पहिलं गाणं मध्य सप्तकातलं ठेवा, तारसप्तकातली नाट्यपदं उत्तरार्धात. मॉनिटर चालू झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, मग निवेदिकेला पाच मिनिटं जास्त बोलावं लागलं तरी चालेल. एका दिवसात पहाट आणि संध्याकाळ दोन्ही घेतलीत, तर दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, शिकवणीसुद्धा नको. साथीदारांचं मानधन बुडू नये म्हणून तुमच्या तोडीचा एक सहगायक प्रत्येक कार्यक्रमात असू द्या. त्याने मानधनातला वाटा कमी होतो, हे मान्य, पण कार्यक्रम रद्द होत नाही. माझ्या त्या सकाळी साथीदारांना पूर्ण पैसे मिळाले, ते सहगायक होता म्हणूनच.

गाता गाता आवाज अचानक गेला तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भीती वाटेल, मलाही वाटली. किशोरी आमोणकरांचा आवाजही तरुण वयात जवळजवळ दोन वर्षं गेला होता आणि त्यानंतरचं त्यांचं गाणं आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. माझा आवाज मौनानंतर हळूहळू परतला. आधी फक्त खर्ज, मग मध्य सप्तक, डॉक्टर सांगतील तेवढीच मिनिटं.

आयोजकांनाही एक विनंती आहे. कलाकारांना मानधन देता, शाल-श्रीफळ देता, त्याचा आम्हाला मान आहे. त्याबरोबर चालू मॉनिटर, पाऊण तासाचा साउंड चेक आणि मंचामागे धूर नसलेली एक खोली द्या. दिवाळीच्या तारखा श्रावणातच ठरतात, तेव्हाच या तीन गोष्टी पत्रात लिहून घ्या आणि गायकांनो, तुम्हीही त्या लिहून मागा.