दसरा-दिवाळीच्या दिवसांत मोकळ्यावर फिरणाऱ्या असील कोंबड्यांची निगा

असील ही मूळची आंध्र प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशाच्या पट्ट्यातील झुंजार जात. सातारा-सांगलीच्या गावरान कळपांतही तिचे रक्त ठिकठिकाणी उतरलेले दिसते: उंच पाय, लांब ताठ मान, अंगाला घट्ट बसलेली पिसे, बसका छोटा तुरा. पूर्ण वाढलेला नर 4 ते 5 किलो भरतो, मादी 3 ते 4 किलो. वाढ सावकाश आणि अंडी कमी; पण काटकपणा, खुडूक बसणे आणि पिल्लांची राखण यांत तिच्या तोडीची जात क्वचितच सापडते. माणसाशी ही कोंबडी बहुधा गरीब वागते. तिचा राग असतो तो दुसऱ्या कोंबड्यांवर, आणि भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत तो पाळणाऱ्याला सर्वांत महाग पडतो.

याचे कारण घरच्या कॅलेंडरातच आहे. आखाड संपला की विक्री थंडावते. श्रावण, गणपती, नवरात्र असे करता करता जे नर विकून जायला हवे होते ते कळपातच राहतात. उन्हाळ्यात निघालेली पिल्ले तोवर पाच-सहा महिन्यांची होऊन आरवू लागतात. नेमकी याच सुमारास थोरल्या कोंबड्याची पिसे झडून नवी येत असतात. अंग दुखरे झालेले असते, तो आडोसा धरतो. त्याचा दरारा उतरला की कोवळे नर जागा बळकावायला पुढे येतात.

कळपात मान कोणाचा, दाण्यावर आधी कोण, उंच दांडीवर कोण, हे ठरलेले असते. थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने कोंबड्यांमधील ही चोचीची उतरंड 1922 मध्ये मांडली. साध्या गावरान कोंबड्यांत ती लवकर लागते. दोन नर मानेची पिसे फुलवून समोरासमोर येतात, एक जण पंख जमिनीला घासत तिरका फेर धरतो, दोन-चार उड्या होतात आणि हरलेला मान खाली घालून निघून जातो. असीलमध्ये माघार घेण्याची ही वृत्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कमी केली आहे. त्यामुळे भांडण लागले की एक जण पडेपर्यंत थांबत नाही. माद्याही याला अपवाद नाहीत.

म्हणून या हंगामातले मुख्य काम म्हणजे लागलेली उतरंड न मोडणे. 8 ते 10 माद्यांमागे एकच नर ठेवावा आणि जादा नर आरवू लागण्याआधी वेगळे काढावेत. एकत्र वाढलेले भाऊ बरेच दिवस गुण्यागोविंदाने नांदतात. पण त्यातला एक बाजारला नेऊन परत आणला किंवा आजारपणात पंधरा दिवस वेगळा ठेवला, की तो परका ठरतो आणि झुंज नव्याने सुरू होते. वेगळ्या ठेवलेल्या नरांमध्ये नुसती जाळी पुरत नाही. ते जाळीतूनच भिडतात आणि तुरे, चोची रक्तबंबाळ करून घेतात. खालचा दोन-अडीच फुटांचा भाग पत्र्याने किंवा फळीने बंद करावा. नवी मादी आणायची तर आधी आठवडाभर जाळीआड ठेवावी, मग रात्री दांडीवर बसवावी. दाणे एका ढिगात न टाकता चार-पाच ठिकाणी पसरावेत, म्हणजे दुबळ्यांनाही मिळतात. झुंज लावणे 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. झुंजीसाठी गिऱ्हाईक आले तर त्याला नर देऊ नये.

मोकळ्या जागेचा या शांततेत मोठा वाटा असतो. हरलेल्याला नजरेआड होता आले तर झुंज टळते, आणि वाळवा-कराडच्या बागायती पट्ट्यात हा आडोसा उसाचा असतो. कारखाने सुरू होऊन तोड लागली की तो एका दिवसात नाहीसा होतो. उसात लपवलेली अंडी जातात, कळप उघड्यावर येतो आणि शिक्रा, मुंगूस, रानमांजर यांचे फावते. कोंबडा वरून येणाऱ्या शत्रूसाठी एक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी वेगळा. पहिल्या इशाऱ्यावर कोंबड्या दबकून झुडपाखाली शिरतात. शिरायला झुडूपच नसेल तर इशारा वाया जातो. तोडीच्या आधीच बांधावर काटक्यांचे ढीग किंवा उलटी डालगी ठेवावीत. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्यांची रांग लागते. त्या दिवसांत कळप बागेत सोडू नये.

माण, आटपाडी, जतच्या माळावर कोंबड्या बाभळीवर मुक्कामाला जातात. थंडी वाढण्यापूर्वी त्यांना खुराड्याची सवय लावावी. खुराड्यातल्या दांड्या सगळ्या एकाच उंचीवर असाव्यात; उंच-सखल ठेवल्यास वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते.

खुडूक मादीला डालग्याखाली एकांतात बसवावे. 21 दिवसांनी पिल्ले निघाल्यावर ती घारीवरही झेपावते, पण दुसऱ्या मादीच्या पिल्लांनाही टोचून मारते. म्हणून दोन लेकुरवाळ्या एका अंगणात सोडू नयेत.

झुंजीच्या जखमांकडे दुर्लक्ष झाले तर देवीचा रोग आत शिरतो. तो डासांमुळेही पसरतो आणि पावसाळा सरताना डास भरपूर असतात. जखम स्वच्छ धुऊन जंतुनाशक लावावे आणि जखमी पक्षी बरा होईपर्यंत बाजूला ठेवावा. रक्ताचा लाल डाग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात. मानमोडीसाठी पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस द्यावी. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळापत्रक ठरवून घेऊन गावातील सर्व पाळणाऱ्यांनी एकाच दिवशी लसीकरण केले, तर एका कळपातून दुसऱ्यात रोग जाण्याची वाट बंद होते.