बोलून संगणक चालवा, पण आकडे हातानेच टाका

2023 च्या खरिपात शासनाने एक रुपयात पीक विमा सुरू केला आणि वारंगा फाट्यावरच्या माझ्या सेवा केंद्रापुढे जुलैभर रांगा लागल्या. सातबारा, आधार, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, आणि हे सगळं मुदतीच्या आत संगणकावर भरायचं. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला, तर्जनीला नि मधल्या बोटाला मुंग्या यायला लागल्या त्या याच दिवसांत. रात्री हात बधिर होऊन जाग यायची, झटकला की जरा बरं वाटायचं. करंगळीला मात्र काहीच नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी नेमकी हीच खूण धरली. मनगटातल्या अरुंद वाटेतून जाणारी नस दबली की ती ज्या बोटांना जाते तीच बोटं बधिर होतात. करंगळीची नस वेगळी असते. त्यांनी रात्री मनगटाला पट्टा बांधायला सांगितलं आणि कीबोर्ड-माऊस जमेल तेवढा कमी करायला सांगितलं. सेवा केंद्र बंद ठेवून घर चाललं नसतं, म्हणून मी आवाजाकडे वळलो.

आधी एक घोळ मिटवू. बोलून लिहिणं वेगळं आणि बोलून संगणक चालवणं वेगळं. विंडोजमध्ये विंडोजच्या बटणासोबत एच दाबलं की बोललेलं टाइप होतं. तिथे मराठी निवडता येते, पण इंटरनेट लागतं. खिडकी उघडणं, बटण दाबणं, पान खाली सरकवणं ही कामं विंडोज 11 मधलं व्हॉइस ॲक्सेस करतं. भाषेची फाइल एकदा उतरवून घेतली की ते नेटशिवायही चालतं. ‘शो नंबर्स’ म्हटलं की पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला क्रमांक लागतो, मग ‘क्लिक’ आणि तो क्रमांक. आज्ञा मराठीत चालत नाहीत, आपल्याला त्या इंग्रजीतच द्याव्या लागतात. भारतीय इंग्रजी निवडा, आपले उच्चार त्याला पुष्कळ बरे कळतात. तरी फोर्टीन आणि फोर्टी यांत ते फसतं. म्हणून अर्ज दाखल करायचं बटण मी आवाजाने कधीच दाबत नाही.

फाटा म्हणजे गोंगाट. हिंगोली-नांदेड रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग इथे भेटतात, खिचडीच्या हॉटेलांपुढे गाड्या थांबतात, जीपवाले ‘नांदेड, नांदेड’ ओरडत असतात. लॅपटॉपच्या आतल्या माइकने ते नांदेड अर्जदाराच्या पत्त्यात लिहून ठेवलेलं मी पाहिलं आहे. तोंडाजवळ माइक येईल असा वायरचा हेडसेट घ्या. महागडा लागत नाही. गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी ‘व्हॉइस ॲक्सेस स्लीप’ म्हणून त्याला झोपवा, नाहीतर मावशींना विचारलेला प्रश्नही ते आज्ञा समजतं.

मजकूर मराठीत छान उतरतो. अडचण नावांची आणि आकड्यांची. सात, साठ आणि आठ यांची अदलाबदल होते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांवर तर अजिबात विसंबू नका. वानखेडे की वानखडे हे यंत्र स्वतःच्या मनाने ठरवतं, आणि आधारवरच्या नावाशी एक अक्षर जुळलं नाही तर शेतकऱ्याचा अर्ज अडकतो. गट क्रमांक, खाते क्रमांक, क्षेत्र हे सगळं मी डाव्या हाताने एकेक आकडा दाबून टाकतो. वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

आकडे हाताने टाकण्याचं याहून मोठं कारण मला एका म्हाताऱ्या मामांनी शिकवलं. त्यांचा आधार क्रमांक मी माइकमध्ये वाचायला घेतला तसे ते म्हणाले, “बाबा, माझा नंबर साऱ्या फाट्याला सांगतो काहून?” रांगेत अनोळखी माणसं उभी होती. मामांचं बरोबर होतं. आधार, खाते क्रमांक, ओटीपी, पासवर्ड यांतलं काहीही काउंटरवर मोठ्याने बोलायचं नाही. हात अगदीच चालत नसेल तर हे आकडे घरच्या विश्वासू माणसाकडून टाकून घ्या.

गळाही सांभाळायला हवा. दिवसभर बोललं की संध्याकाळी आवाज बसतो. नेहमीच्या पट्टीत बोला, कुजबुजू नका, कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो. शेजारी पाणी ठेवा.

ज्यांना हात वापरताच येत नाहीत त्यांच्यासाठी मात्र ही नुसती सोय नाही, पोटापाण्याचा आणि स्वतंत्रपणे जगण्याचा प्रश्न आहे. म्हणून मला राग येतो. इंग्रजीत सलग बोलून लिहिण्याचं ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग 1997 साली बाजारात आलं; गूगलच्या बोलून लिहिण्यात मराठी आली 2017 च्या ऑगस्टमध्ये. आज्ञांच्या बाबतीत विंडोजवर आपण अजून बाहेरच उभे आहोत. आपली सरकारी पोर्टलंही अडवण्यात कमी नाहीत. कुठे बटणाच्या जागी नुसतं चित्र असतं, त्याला क्रमांकच लागत नाही. कुठे सावकाश बोलणाऱ्याचं सत्र अर्ध्यावर संपतं आणि सगळं पुन्हा भरावं लागतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनी सरकारी संकेतस्थळांना सुगम्यतेचे निकष लावले. ते कागदावर ठेवू नका.

केंद्र चालवणाऱ्या भावाबहिणींनो, बोटांना मुंग्या आल्या तर हंगाम संपायची वाट पाहू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि हात थोडेफार चालत आहेत तोवरच आवाजाची सवय करून घ्या.