अडतीस फुटांचा हिशेब

चि. निखिल यास,


ताईच्या बोलण्यातून कळलं की तू तुझी सेंटॉर बोट विकायला काढली आहेस आणि ३८ फुटांची, पस्तीस वर्षं जुनी बोट घ्यायचं जवळजवळ नक्की केलं आहेस. त्याचं मला वावडं नाही. धसका बसला तो तिच्या पुढच्या वाक्याने. बोट पाण्याबाहेर न काढताच सौदा पुरा होणार, कारण मालकाकडे चार वर्षांपूर्वीचा सर्व्हे रिपोर्ट आहे आणि दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय म्हणे. ताईला यातलं फारसं कळत नाही, तिने सहज सांगितलं. हे खोटं असेल तर इथेच थांब आणि मला दोन शिव्या घाल. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच, आणि मृणाललाही वाचायला दे.

सेंटॉर २६ फुटांची, वजन तीन टनांच्या आसपास. ३८ फूट म्हणजे तिच्या जेमतेम दीडपट, असं कागदावर वाटतं. पण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते, म्हणून वजन तिपटीच्या घरात जातं, आठ-नऊ टन. शिडांचं क्षेत्रफळ दुपटीच्या पुढे जातं, आणि वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, तो त्या वाढलेल्या कापडावर. वेगात पदरात काय पडतं? अशा बोटीची गती पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाशी अडते, त्यामुळे सव्वासहा नॉट्सच्या जागी फार तर साडेसात. धक्क्याला लागताना सेंटॉर पायाने थोपवता येते. नऊ टनांपुढे पाय घातलास तर पाय जाईल. आणि वारा अचानक वाढून शीड आवरायची वेळ आली की मृणाल लहानग्या ओवीला धरून आत बसलेली असणार, म्हणजे डेकवर तू एकटा. तुला हे जमणार नाही असं मी म्हणत नाही, एका मोसमात शिकशील. बोटीच्या तळाशी काय झालंय हे मात्र कितीही शिकलास तरी वरून दिसायचं नाही.

माझी सगळी काळजी बोटीच्या तळाखालच्या कीलशी येऊन थांबते. सेंटॉरला दोन कील आहेत, ओहोटीला ती चिखलात नीट उभी राहते. टेकणं हा तिचा स्वभावच. एकाच खोल कीलची बोट टेकते तेव्हा ती आपटते, आणि कीलच्या मागच्या टोकापाशी तो धक्का बोटीच्या अंगाला, म्हणजे हलला, वर दाबतो. सोलेंटमध्ये ब्रॅम्बल बँकेवर भलेभले टेकतात. पस्तीस वर्षांत ही बोट किती वेळा टेकली हे कोणत्या वहीत लिहिलेलं असणार? २०१४ च्या मे महिन्यात चीकी राफिकी ही ४० फुटांची बोट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परत येत होती. भर अटलांटिकमध्ये तिची कील निखळली, बोट उलटली आणि चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशीने जो संभव मांडला तो नीट ऐक: पूर्वी वेळोवेळी टेकल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कील जिथे हलला धरते तो भाग कमकुवत झालेला असू शकतो. चालवणारे नवशिके नव्हते. आत डोळ्यांना दिसण्यासारखं काही असेलच याची खात्री नसते, यातच सगळं आलं.

तू म्हणशील, रिपोर्ट आहे ना. तो मालकाने स्वतःच्या विम्यासाठी करवला होता. सर्व्हेअर ज्याच्यासाठी पाहतो त्याला बांधील असतो, तुला नाही, आणि चार वर्षांत बोट चार हिवाळे पाण्यात होती. जुनं घर घेताना आप्पा वासा ठोकून बघायचे, तसाच तू नेमलेला सर्व्हेअर छोट्या हातोडीने डेक ठोकत जातो. ठणठणीत आवाज एकदम बद्द झाला की आतला बाल्सा कुजलाय. तो कीलच्या जोडावर केसाएवढी भेग शोधतो, तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ शोधतो. डोलकाठीच्या तारांवर कापूस फिरवतो, एकोणीस पदरांपैकी एखादा तुटला असेल तर कापूस अडकतो. इंजिनाला सेलड्राइव्ह असेल तर तिचा रबरी पडदा कधी बदलला ते विचार. व्होल्वो पेंटा सात वर्षांनी बदला म्हणते. यातलं निम्मं काम बोट क्रेनने उचलल्याशिवाय होतच नाही. आणि गिऱ्हाइकाची भीती फुकाची आहे. ब्रिटनमधल्या नेहमीच्या करारात दहा टक्के इसारा देऊनही, सर्व्हेत मोठा दोष निघाला तर अंग काढून घेता येतं. ही अट घालायला जो मालक नकार देईल, त्याच्या नकारातच तुझं उत्तर आहे.

मोठी बोट सुरक्षित, हा तुझा मुद्दा मी उडवून लावत नाही. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, १५ स्पर्धक गेले, आणि फुटणाऱ्या लाटांनी लहान बोटींनाच जास्त लोळवलं. पण त्याच वादळात माणसांनी २४ बोटी सोडून दिल्या, त्यांतल्या बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. म्हणजे प्रश्न फुटांचा जितका, तितकाच बोट शाबूत असण्याचा. दोंद्यांचं उदाहरण तू देशीलच, ते ५६ फुटांच्या म्हादेईवर एकटे जग फिरून आले. पण म्हादेई गोव्यात त्यांच्या डोळ्यांदेखत बांधली गेली, तिच्या पोटात काय आहे हे त्यांना पाठ होतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची सुहैली तर मुंबईत बांधलेली, ३२ फुटांची. तिने १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीला वळसा घातला. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ३२ ते ३६ फुटांच्याच बोटींना प्रवेश होता. तुला तर सध्या शेरबूरपर्यंत जायचंय. ३२-३३ फुटांत आठ-नऊ टनांचा बोजा येत नाही, आणि ओवीला स्वतःचा बंक मिळतो.

पैशाचंही एक सांगतो, लगेच आवरतं घेतो. जुनी बोट स्वस्त मिळते, पण तिचं शीड, तारा, क्रेन आणि मरीनाचं भाडं जुन्या बोटीच्या भावात मिळत नाही. खर्च लांबीचा असतो, वयाची सवलत नसते.

इतकं लिहून झाल्यावर वाटतंय, जरा जास्तच बोललो. तुझ्या वयात मलाही पाण्याची ओढ होती, आणि ती मी ऑफिसच्या फायलींखाली राहू दिली. म्हणून तुला नको म्हणायचा हक्क मी स्वतःला देत नाही. आपल्या घरात तू पहिला, ज्याला भरती-ओहोटीचं कोष्टक पगाराच्या तारखेपेक्षा जास्त पाठ आहे. त्याचं मला कौतुकच आहे, ताईला कितीही धास्ती वाटो. ३८ फुटीच आवडली असेल आणि ती तपासणीत खरी उतरली, तर खुशाल घे. पहिलं वर्ष मात्र एखादा हात सोबत ठेव, आणि ओवीचं लाइफजॅकेट नवं घे, सेंटॉरवरचं तिला आता लहान होत असेल.

क्रेनचं भाडं आणि सर्व्हेची फी मी पाठवतो. ताईला बोलू नकोस, ती मला परत करत बसेल. रिपोर्ट आला की फोटोंसकट धाड, कीलच्या जोडाचे दोन फोटो जवळून काढायला सांग. आणि तुम्हा तिघांचा एक धाड, बोट कोणतीही चालेल.

तुझा,
मामा