जायबंदी खेळाडू, पुन्हा होणारी लढत आणि संघाचा इतिहास

अंतिम सामन्याची नोंद दोन आकड्यांत होते आणि त्या दोन आकड्यांपलीकडे काय घडले हे पुढच्या पिढीस बहुधा ठाऊक नसते. प्रो कबड्डी लीगच्या नवव्या पर्वाचा अंतिम सामना १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झाला. त्याची नोंद अशी आहे: जयपूर पिंक पँथर्स ३३, पुणेरी पलटण २९. पर्वभर पुण्याच्या चढायांचा भार ज्यांनी वाहिला ते अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दुखापतीमुळे त्या दिवशी मॅटवर नव्हते, हे या नोंदीत कोठेही येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न असा आहे, की ही गोष्ट त्या सामन्याच्या इतिहासाचा भाग मानावी, की पराभूतांची सबब म्हणून बाजूस सारावी?

आमच्या मते ती इतिहासाचाच भाग आहे. मात्र तिच्यावरून कोणता निष्कर्ष काढावा याला मर्यादा आहेत.

कबड्डीचे वैशिष्ट्य असे, की बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. साथीदाराने एक गुण आणला, की बाहेर बसलेला एक जण आत येतो. मुरगळलेला घोटा किंवा फाटलेला गुडघ्याचा अस्थिबंध मात्र कोणत्याही गुणाने जिवंत होत नाही. चढाईसाठी तीस सेकंद मिळतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर गडी बाद. अशा खेळात दोन मुख्य चढाईपटू गेले, की उरलेल्यांच्या वाट्याला अधिक चढाया येतात, दम लवकर सरतो आणि प्रतिपक्षाच्या कोपरारक्षकांस कोणाचा पट काढायचा, कोणाचा घोटा धरायचा, हे ठरवणे सोपे जाते. चार गुणांचे अंतर म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. एका लोणाचेच दोन गुण जादा मिळतात.

म्हणून ‘ते दोघे असते तर पुणे जिंकले असते’ असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. याच दोघांवाचून पुण्याने उपांत्य सामन्यात तमिळ थलैवाज संघास ३९-३७ असे हरविले होते. पंकज मोहितेने तेथे चढायांची धुरा सांभाळली होती. थलैवाजची अवस्था तर त्याहून बिकट होती. त्या काळातील सर्वाधिक बोलीचा, दोन कोटी सव्वीस लाख रुपयांचा खेळाडू पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून पूर्ण पर्वास मुकला होता. तरीही त्याच पर्वात हा संघ प्रथमच बाद फेरीत पोहोचला. म्हणजे त्या उपांत्य सामन्यात दोन्ही बाजूंचे प्रमुख वीर बाहेर बसले होते. दुखापतीचा दाखला द्यायचाच, तर तो दोन्ही पक्षांचा द्यावा लागतो. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांनंतर रात्री ज्या चर्चा रंगतात, त्यांत हा नियम क्वचितच पाळला जातो.

पुढील पर्वात अस्लम इनामदार कर्णधार म्हणून परतला. मूळचा अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हा खेळाडू त्या पर्वाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुण्याने हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पहिले विजेतेपद मिळविले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. पुण्याच्या पाठीराख्यांस जयपूरशी पुन्हा गाठ हवी होती, परंतु जयपूर उपांत्य सामन्यातच हरियाणाकडून ३१-२७ असे हरले. हिशेब चुकता करण्याची संधी आलीच नाही. अंतिम सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक ९ गुण कोणी मिळविले? पंकज मोहितेने. आधीच्या पर्वात इतरांच्या दुखापतीमुळे ज्याच्या खांद्यावर भार आला होता, तोच हा गडी. २०२२ च्या पराभवातून पुण्यास काही मिळाले असेल, तर ते हेच असावे असे आम्हांस वाटते.

बास्केटबॉलच्या इतिहासात हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर आढळतो. अमेरिकेतील एन.बी.ए. स्पर्धेत गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हलियर्स हे दोन संघ २०१५ पासून सलग चार वर्षे अंतिम फेरीत एकमेकांसमोर आले. तेथे अंतिम फेरी एका सामन्याची नसते. सातपैकी चार सामने जिंकणारा विजेता ठरतो. २०१५ साली क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह खांद्याच्या दुखापतीने आधीच बाहेर होता आणि कायरी आयर्विंगच्या गुडघ्याची वाटी पहिल्याच सामन्यात मोडली. वॉरियर्स ४-२ असे जिंकले आणि ‘अर्ध्या संघाला हरविले’ हा टोमणा त्यांच्या मागे लागला. २०१६ साली आयर्विंग व लव्ह दोघेही खेळले. क्लीव्हलँड १-३ असे मागे पडूनही ४-३ असे जिंकले. पहिल्या टोमण्याचे समर्थक म्हणाले, पाहा, आम्ही सांगत होतो. पण त्या वर्षी वॉरियर्सचा एक खेळाडू पाचव्या सामन्यात निलंबित होता आणि त्यांचा उंचापुरा अँड्र्यू बोगट याच सामन्यात जायबंदी होऊन उरलेले दोन सामने बाहेर बसला होता. आता टोमणा उलट दिशेने मारता येत होता! पुढे २०१९ साली टोरांटोविरुद्धच्या अंतिम फेरीत वॉरियर्सचे केव्हिन ड्युरांट आणि क्ले थॉम्पसन लागोपाठच्या दोन सामन्यांत गंभीर जायबंदी झाले आणि विजेतेपद गेले. थॉम्पसन अडीच वर्षांहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिला. २०२२ साली तो संघात परतलेला असताना वॉरियर्स पुन्हा विजेते झाले.

यावरून एवढे दिसते, की पुन्हा झालेली लढत आधीच्या लढतीचा निकाल दुरुस्त करीत नाही. ती स्वतंत्र घटना असते आणि तिच्यातही कोणी ना कोणी जायबंदी असतोच.

भारतीय कबड्डीत याचे उत्तम उदाहरण आशियाई क्रीडास्पर्धांचे आहे. १९९० पासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदके भारतीय पुरुष संघाने जिंकली. २०१४ साली अंतिम सामन्यात इराणवर मिळविलेला विजय मात्र केवळ २७-२५ असा होता. पुढे काय येणार याची ती सूचना होती. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने भारतास २७-१८ असे हरविले. कर्णधार अजय ठाकूर यास जखमी होऊन मॅट सोडावी लागली. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराण २७-२४ असा जिंकला. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. पुरुषांच्या पराभवाचे कारण केवळ कर्णधाराच्या जखमेत शोधणे आम्हांस पटत नाही. इराणने ती विद्या आत्मसात केली होती आणि तिचे काही धडे महाराष्ट्रातूनच गेले होते.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे पुरुषांच्या अंतिम सामन्यात हे दोन संघ पुन्हा भिडले. एका चढाईच्या निर्णयावरून सामना बराच वेळ थांबला आणि अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. वर्तमानपत्रांनी याला ‘बदला’ म्हटले. कोणाचा बदला? २०१८ च्या भारतीय पुरुष संघातील एकही खेळाडू २०२३ च्या संघात नव्हता. कर्णधार होता पवन सेहरावत, वर्षभरापूर्वी गुडघ्यामुळे बाहेर बसलेला. अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे हेही त्या संघात होते. महिला संघापुढे तर इराण आलाच नाही. ज्या चिनी तैपेईशी साखळीत ३४-३४ अशी बरोबरी झाली होती, त्यांनाच अंतिम सामन्यात २६-२५ असे हरवून भारताने सुवर्ण घेतले.

पुण्याची कथा पुढे चालू आहे. २०२४ च्या अखेरीस, अकराव्या पर्वात, अस्लमचा गुडघा दुखावला, तो पर्वातून बाहेर पडला आणि गतविजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. त्या पर्वाचा अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीत झाला. जिंकला हरियाणा, ज्याला पुण्याने आदल्या पर्वात हरविले होते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पुणे पुन्हा अंतिम सामन्यात आले आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ असे हरले. त्या वेळी पुण्याचा प्रशिक्षक होता तोच अजय ठाकूर, जकार्ताचा जखमी कर्णधार.

हा सर्व विषय आम्ही स्मरणिकेत का घेतला, तेही सांगतो. कर्जत-खालापूर भागात भाताची कापणी उरकली, की गावोगाव मैदाने आखली जातात आणि वसतिगृहातील मुले जवळपासच्या स्पर्धांत उतरतात. आमचा अनुभव असा, की ही मुले दुखापत लपवितात. संघातली जागा जाईल, निवड चाचणीस मुकू, पुढे खेळाडूंच्या कोट्यातून मिळू शकणारी नोकरी हुकेल, ही भीती त्यांच्या मनात असते आणि ज्या घरांतून ती येतात, त्या घरांचा विचार करता ती पोकळ नसते. गुडघ्याचा अस्थिबंध फाटून शस्त्रक्रिया झाली, तर खेळात परतण्यास साधारण नऊ महिने द्यावे लागतात. त्याआधी परतल्यास पुन्हा तीच दुखापत होण्याचा धोका मोठा असतो. व्यावसायिक संघाजवळ वैद्य असतो, व्यायामतज्ज्ञ असतो. आपल्या मुलाजवळ हळदीचा लेप आणि ‘जरा सहन कर’ म्हणणारी माणसे असतात. चषकाच्या मोहाने अशा मुलास चढाईस पाठविणाऱ्या मोठ्या माणसांना आम्ही दोषीच मानतो.

इयत्ता नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांस या लेखाबरोबर एक काम देत आहोत. शाळेच्या क्रीडा नोंदवहीतील गेल्या काही वर्षांच्या कबड्डी सामन्यांची पाने काढावीत. प्रत्येक सामन्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्या दिवशी कोण जायबंदी होता, त्याच्या जागी कोण खेळले आणि तो जायबंदी खेळाडू किती दिवसांनी परतला. वहीत माहिती नसेल तर त्या वेळच्या खेळाडूंस विचारावी. एकाच सामन्याविषयी दोन माजी विद्यार्थी वेगवेगळे सांगतील, तेव्हा दोन्ही कथने लिहून घ्यावीत आणि कोणी सांगितले तेही लिहावे. हरलेल्या संघातील कोणी भेटला, तर त्याला आधी विचारावे.