उन्हात रुसणारी पद्मिनी

प्रश्न : माझी १९९१ची प्रीमियर पद्मिनी मे महिन्यात टोलनाक्याच्या रांगेत हमखास बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. मेकॅनिक इंजिनच बदला म्हणतो. काय करावे? – एक वाचक, नांदगाव पेठ

उत्तर : इंजिनला हात लावू नका. १०८९ सीसीचे हे फियाट घराण्यातले इंजिन काटक आहे. वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या उन्हात, गाडी उभी असताना इंजिनला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. बंद पडल्यावर पंपावर ओले फडके टाका, जुन्या टॅक्सीवाल्यांचा हा उपाय. लगेच सुरू झाली तर दोष वाफेचाच. नाही झाली तर प्लगची ठिणगी तपासून घ्या. गरम झालेली इग्निशन कॉइलही अशीच दगा देते.

दोष वाफेचा ठरला, तर पंपाचा पडदा बदला, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या, रेडिएटर साफ करा. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. सध्याच्या मिश्र पेट्रोलने जुने रबर चिरते. एवढ्यावर भागले नाही तरच टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप.

इंजिन बदलायचेच ठरले, तर आधी आरटीओची परवानगी घ्या. आरसीवर नोंद नसलेले इंजिन पाच वर्षांच्या नूतनीकरणात अडकते.