गाडी निघते, पण थांबते का?

ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडच्या कुठल्याही मराठी घरी नोव्हेंबरात जेवायला जा, ताटात मागचा भात पडेपर्यंत टायरचा विषय निघालेला असतो. कोणीतरी हमखास म्हणतो, "आपली ऑल व्हील ड्राइव्ह आहे, आपल्याला विंटर टायर कशाला हवेत?" बाकीचे मान डोलावतात. या एका वाक्यापायी मी हा लेख लिहायला घेतला आहे.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, त्यामुळे बर्फातून गाडी झकास निघते. ब्रेक मात्र साध्यातल्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबायची वेळ आली की त्या महागड्या यंत्रणेचा काडीचा उपयोग होत नाही. गाडी थांबवतं टायरचं रबर, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो जेमतेम तळहाताएवढा. दोन टनांची गाडी, आत आपली माणसं, आणि भरवसा सगळा त्या चार तळहातांवर.

आम्हाला हे कळलं ओटावाला संक्रांतीच्या कार्यक्रमाला जाताना. गाडी मित्राची, सात सीटची, सेकंडहँड घेतलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं की टायर ऑल सीझन आहेत, बाराही महिने चालतात. नावावरून कोणालाही तसंच वाटेल. आम्ही सहा जण होतो. मागची अर्धी सीट पाडून तिथे दोन स्पीकर, मसालेभाताची दोन मोठी पातेली, बासमतीची पोती आणि हळदीकुंकवाच्या वाणाची खोकी रचली होती. छपरावरच्या पेटीत सगळ्यांच्या बॅगा. गाडी मागून इतकी बसली होती की हेडलाइटचा झोत वर गेला होता. ब्रॅम्प्टनच्या रस्त्यावरच समोरून येणारे दोघे-तिघे वरचा दिवा मारून गेले. मित्र म्हणाला, "यांना काय झालंय आज?" त्यांना काही झालं नव्हतं. गाडीत वजन जास्त झालंय हे ते आम्हाला सांगत होते.

हायवे ४०१ वर बेलव्हिल मागे टाकलं आणि बर्फ सुरू झाला. थंडी फार नव्हती, पारा शून्याच्या आसपास होता. शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. हे इथे आल्यावर पहिल्या वर्षी कोणी सांगत नाही. पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट लागले, मित्राने ब्रेक दाबला. एबीएसची ठकठक आम्हाला मधल्या रांगेतही जाणवली, पण वेग कमी होईना. त्याने स्टिअरिंग उजवीकडे घेतलं तरी गाडी क्षणभर सरळच गेली. मग मागची बाजू एकदम फिरली आणि आम्ही रस्त्याकडेच्या चरात, मऊ बर्फात जाऊन बसलो. वरचा स्पीकर सीटवरून पुढे आला आणि आमच्याबरोबरच्या एका काकूंच्या हेडरेस्टवर आदळून थांबला. हेडरेस्ट खाली केलेला असता तर काय झालं असतं, हे त्या दिवशी कोणी तोंडाने बोललं नाही. तिळाच्या लाडवांचा डबा उघडला आणि लाडू पार पुढच्या काचेपर्यंत घरंगळले. कोणाला खरचटलंही नाही.

गाडी ओढून काढायला आलेल्या सरदारजींनी आधी टॉर्च टायरवर मारला. खिशातून दोन डॉलरचं नाणं, इथे त्याला टूनी म्हणतात, ते काढून टायरच्या खाचेत घातलं. नाण्याची चंदेरी कड निम्मी बाहेरच राहिली. मग त्यांनी टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचून दाखवले : ३४१३. म्हणजे २०१३ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. माझा मित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी कॅनडात आला. टायर इथले जुने रहिवासी निघाले.

पुढच्या शरद ऋतूत मी एका टायरच्या दुकानात कामाला लागलो. आता जे सांगतो ते तिथे हात काळे करून कळलेलं आहे.

उन्हाळी आणि ऑल सीझन टायरचं रबर सात अंशांच्या खाली हळूहळू कडक होत जातं. कडक रबर रस्ता धरत नाही, मग बर्फ असो वा नुसता कोरडा थंड डांबरी रस्ता. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फ पकडतात. म्हणून बर्फ पडायची वाट बघू नका, थर्मामीटरकडे बघा. सकाळचा पारा सातच्या खाली राहायला लागला की टायर बदलायचे. टायर घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ते नक्षीबद्दल आहे, कसोटीला उतरल्याची खूण नव्हे. काँडोत राहणाऱ्यांना टायरचा दुसरा संच ठेवायला जागा नसते. त्यांच्यासाठी 'ऑल वेदर' नावाचा प्रकार मिळतो, त्यावर हे डोंगराचं चिन्ह असतं आणि तो वर्षभर चालतो. खऱ्या विंटर टायरची सर त्याला नाही, पण ऑल सीझनपेक्षा पुष्कळ बरा. 'सीझन' आणि 'वेदर' यांत गल्लत करून आलेले कित्येक जण मी दुकानात पाहिले आहेत.

क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथे नोंदलेल्या गाड्यांना विंटर टायर कायद्यानेच लागतात. ओंटारिओत सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हटलं की आपल्याला गरजही नाही असं वाटतं. पण २०१६ पासून इथल्या विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्याला सवलत द्यावी लागते. ती मागा. न मागता मिळेलच असं नाही.

टायर पूर्ण गोटा झाल्याशिवाय बदलायचा नाही, ही आपली तिकडची सवय इथे सोडावी लागते. कायद्याने खाच दीड मिलिमीटरच्या आसपास असली तरी चालते, पण बर्फात चार मिलिमीटरच्या आसपास आलेला टायर वापरू नये. आणि घ्याल तर चारही घ्या. पैसे वाचवायला पुढचे दोनच विंटर टायर लावून मागा, कोणताही शहाणा मेकॅनिक तुम्हाला नाही म्हणेल. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडतात, आणि गाडी जागच्या जागी फिरते.

आता हवा. लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात. तापमान साधारण पाच-साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा एक पीएसआयने कमी होते. सप्टेंबरात वीस अंशांना ३५ भरली असेल, तर जानेवारीतल्या उणे वीसच्या पहाटे ती २८ च्या आसपास आलेली असते. कुठेही पंक्चर नाही, गळती नाही. मग डॅशबोर्डवरचा दिवा का लागत नाही? कारण तो दिवा साधारण पंचवीस टक्के हवा कमी झाल्यावर लागतो, आणि ३५ ची २८ म्हणजे वीसच टक्के. दिवा गप्प आहे म्हणून सगळं ठीक आहे असं धरून लोक पाचशे किलोमीटर जातात. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजने हवा बघा. गेज दहा-पंधरा डॉलरला मिळतं. पेट्रोलपंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा फसवतो.

किती हवा भरायची? टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा पाहून भरणारे बरेच असतात. तो त्या टायरच्या सहनशक्तीचा वरचा आकडा आहे. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत असतो.

त्याच चिठ्ठीवर एक ओळ असते, ती वाचणारा माणूस मला दुकानात अजून भेटलेला नाही : माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा जास्त वजन नको. आमच्या त्या सात सीटच्या गाडीत तो आकडा सुमारे ५२० किलो होता. सत्तर किलोंची सात माणसं बसवली तर ४९० झाले. उरले तीस किलो, म्हणजे विमानात नेतो तशी जेमतेम सव्वा बॅग. सात सीट दिल्या आहेत म्हणून सात जण आणि वर सातांचं सामान मावेल असं कंपनी कुठेही म्हणत नाही, ते आपण म्हणतो. आम्ही सहा जण होतो. हिवाळी बूट, जाड कोट धरून साडेचारशे किलो माणसांचेच. त्यात स्पीकर, पातेली, तांदूळ, बॅगा. बेरीज तुम्हीच करा.

मागे वजन जास्त झालं की पुढची चाकं हलकी होतात, आणि वळण घेतात ती पुढचीच चाकं. म्हणून आमच्या गाडीने वळायला वेळ घेतला. जड सामान सगळ्यात खाली, आणि सीटच्या पाठीला चिकटवून ठेवायचं. दोन सामानांमध्ये मोकळी जागा ठेवायची नाही. स्पीकर, गॅसची शेगडी, पाण्याचे मोठे कॅन अशा गोष्टींना पट्टा लावायचाच. त्यासाठी डिकीच्या फरशीत लोखंडी कड्या दिलेल्या असतात, बहुतेकदा गालिच्याखाली झाकलेल्या. बोट घालून शोधा, सापडतील. सीटच्या पाठीपेक्षा उंच काहीही रचू नका. रचणं भाग असेल, तर मागे जाळी लावा.

छपराचा हिशेब वेगळा. पुष्कळशा गाड्यांना छपरावर ७५ किलोंच्या आसपासच वजन चालतं, काहींना त्याहून कमी. त्यात पेटीचं आणि दांड्यांचं वजनही धरायचं, आणि पेटी रिकामीसुद्धा पंधरा-वीस किलोंची असते. वर फक्त पांघरुणं, कपडे, उशा. तांदळाचं पोतं वर गेलं की गाडीचा तोल वर जातो, आणि बर्फावर ती डुलायला लागते. निघताना छपरावरचा बर्फही झाडा. तासभर हीटर चालल्यावर त्याची अख्खी लादी सुटते आणि ब्रेक दाबल्याबरोबर तुमच्याच काचेवर येते, किंवा मागच्याच्या.

लहान मुलांना फुगीर कोट घालून कारसीटमध्ये बसवू नका. पट्टा घट्ट लावल्यासारखा दिसतो, पण धडकेत कोट चेपतो आणि पट्टा सैल पडतो. कोट काढा, पट्टा लावा, वरून पांघरूण घाला. आजी-आजोबांना हे पटवायला वेळ लागतो, तो घालवा.

बाकीचं थोडक्यात. उणे वीसच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. ती चार-पाच वर्षांची असेल, तर ऑक्टोबरातच तपासून घ्या. काच धुवायच्या टाकीत पाणी किंवा उन्हाळ्यातलं द्रव ठेवू नका, 'उणे ४०' लिहिलेलं घ्या. (फॅरनहाइट की सेल्सिअस हा वाद नको, उणे चाळीसला दोन्ही एकच.) गाडीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च आणि जंपर केबल असू द्या. बर्फात अडकलात, तर इंजिन चालू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बंद असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि उबेत झोप लागल्यासारखी माणसं जातात. इंजिन थोडा थोडा वेळच चालवा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

शेवटचा मुद्दा आमच्या धंद्यातला, पण गिऱ्हाईक तो कानाआड करतं. टायर बदलून घेतल्यावर नट पुन्हा घट्ट करायला या, असं आम्ही बिलावर लिहून देतो. रस्त्यावरच्या मिठाने रिम आणि हबच्या मध्ये गंज साठलेला असतो. चाकं फिरली की तो दबतो, आणि घट्ट केलेले नट किंचित सैल पडतात. क्वचित चाक निखळतंही, आणि ते हायवेवर निखळलं तर समोरच्या गाडीवर जातं. स्टिअरिंगमध्ये थरथर किंवा चाकाकडून खटखट आवाज आला, तर घरी पोहोचायची वाट न बघता गाडी बाजूला घ्या.

दुकानाची वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्या. पहिला बर्फ पडल्या दिवशी आमच्या दारात रांग असते आणि पुढची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळते. चाकं बसवून शंभर किलोमीटर झाले की परत या. टॉर्क रेंचने नट बघायला पाच मिनिटं लागतात, आणि आमचं दुकान त्याचे पैसे घेत नाही.